चालती बाजू

डोमाजीचा पहिलाच घास तोंडात होता आणि समोरची पोरगी रडायला लागली. आता रडणाऱ्या माणसासमोर पोहे खावेत की नाही, याचा काही कायदा नाही. पण डोमाजीनं बशी मुकाट्यानं बाजूला सारली. एसटीत तीस वर्षं ड्रायव्हरकी केलेला माणूस. भांडणं, मारामाऱ्या सगळं पाहिलेला. रडणं तेवढं त्याला सोसत नसे.

"रडून घे," महेजबीन म्हणाली, "पण लवकर. दहाला लाइट जाते, आणि पंखा थांबला की माझं डोकंही थांबतं."

२००७ चा मार्च. अकोल्यात उन्हानं आत्ताच दात दाखवायला सुरुवात केली होती आणि लाइट दिवसातून बारा तास नसायची. महेजबीन मूळची बाळापूरची. वीस वर्षं तिनं विम्याची सर्वेक्षक म्हणून जळालेले जिनिंगचे कारखाने आणि उलटलेले ट्रक तपासले, मग सायकलच्या दुकानावर ही खोली घेऊन खाजगी तपास सुरू केला. आधी लोक हसले. मग एकेक करून जिना चढू लागले, तिला बाजी, म्हणजे ताई, म्हणू लागले. डोमाजी तिची व्हॅन चालवायचा आणि तिच्याआधी गुन्हेगार ओळखायचा. तो नेहमी चुकायचा, ही गोष्ट वेगळी.

पोरीचं नाव पौर्णिमा. मूळची पातूरची. अमरावतीच्या एका कॉलेजात चार वर्षं संशोधन करत होती. तिनं पिशवीतून सोनपापडीचा डबा काढला आणि उघडून टेबलावर ठेवला. आत बिस्किटाएवढ्या पाच काचा, प्रत्येकीवर पांढरा लेप.

"हे काय आहे, ते मला कळेल असं सांग," महेजबीन म्हणाली.

"सौर विजेची काच. हिची एक बाजू साधी असते, तिला आम्ही मुकी म्हणतो. दुसऱ्या बाजूवर डोळ्याला न दिसणारा थर असतो, त्यातून वीज जाते. ती चालती बाजू. लेप द्यायचा तो चालत्या बाजूवर. मग काच भट्टीत भाजायची, पळसाच्या फुलांच्या रंगात बुडवायची आणि उन्हात धरायची. वीज येते. थोडी येते, पण स्वस्तात येते."

"आणि लेप कशाचा?"

"टायटॅनियमच्या ऑक्साइडचा. तो एकटा असला की उन्हानं खपल्या निघतात. मी त्यात पाचवा हिस्सा जस्ताचं ऑक्साइड मिसळलं." एवढं सांगताना तिचं रडणं थांबलं होतं. "माझ्या काचा सहा महिने गच्चीवर उन्हात होत्या. दर शनिवारी खाली आणून, रंगात बुडवून, चिमटे लावून मोजायची, मग रंग धुऊन परत वर ठेवायची. एकही खपली नाही पडली."

"मग झालं काय?"

"परवा, गुरुवारी, परीक्षक आले. त्यांच्यासमोर चिमटे लावले. शून्य. पाचही काचा शून्य. नागपूरच्या परीक्षक बाईंनी मीटर लावून पाहिला, तर लेप मुक्या बाजूवर. त्या म्हणाल्या, अशा काचेतून वीज कधी आलीच नसेल, मग सहा महिन्यांचे आकडे आले कुठून?"

डोमाजीला ते पटलं. पण पोरीकडे पाहून त्यानं ते बोलून दाखवलं नाही.

"मी तोंड उघडायच्या आत गावंडे सर उठले. माझे मार्गदर्शक. म्हणाले, 'हिनं मलाही फसवलं.' तिथंच पत्र लिहून दिलं, की माझे आकडे बनावट आहेत. सोमवारी अकरापर्यंत मी उत्तर दिलं नाही, तर ते पत्र विद्यापीठात जाईल. नोंदणी रद्द होईल. ते एक वेळ सोसेन, बाजी. पण जन्मभर सगळे म्हणतील, ती खोटे आकडे लिहिणारी."

महेजबीननं भिंग घेतलं आणि एकेक काच उजेडात धरली. मग एक काच डोमाजीकडे दिली. "डोमाभाऊ, कडेवर काय दिसतं?"

"एक ओरखडा. बाकी कोरी आहे."

"चिमटे कसले लावायचीस?" तिनं पौर्णिमाला विचारलं.

"दातऱ्यांचे. बारीक असतात, पण घट्ट चावतात."

"दर शनिवारी. म्हणजे पंचवीस वेळा." महेजबीन पुटपुटली. तेवढ्यात पंखा थांबला आणि ती ताडकन उठली. "गाडी काढा."

"अन् पोहे?"

"डब्यात घ्या."

*

मूर्तिजापूरपर्यंत महेजबीननं खिडकीची काच चारदा खाली केली, चारदा वर. तपास सुरू झाला की तिला धड बसवत नसे, आणि शेजारी ती अशी चुळबुळत असली की डोमाजीलाही क्लच सुधरत नसे. त्यात समोरून लाल दिव्याच्या गाड्या सारख्या येत होत्या. त्या वर्षी वऱ्हाडात शेतकऱ्यांच्या मरणाची चौकशी करायला इतक्या समित्या येत होत्या की धाबेवाल्यांना त्यांची नावं पाठ झाली होती.

"प्रयोगशाळेच्या किल्ल्या कोणाकोणाकडे?"

"माझ्याकडे, सरांकडे, आणि सरफराजकडे. तो माझ्याबरोबर संशोधन करतो. सकाळी उघडायला झाडलोट करणाऱ्या माणिकबाईंना शिपाई किल्ली देतो."

"लेप कोणाला देता येतो?"

"मला आणि सरफराजला. सरांनी शिकवलं, म्हणजे त्यांनाही येतोच."

"आणि कोऱ्या काचा?"

"इतवारा बाजारात शफीकचाचांचं दुकान आहे, ते कापून देतात. आम्ही त्या एका जाड वहीत ठेवतो, दोन पानांत एक. चालती बाजू नेहमी वरच्या पुठ्ठ्याकडे. ही सरांची पद्धत. म्हणजे काढताना बाजू शोधत बसावं लागत नाही."

"तू त्यावर विसंबतेस?"

"नाही, बाजी. मी दर वेळी मीटर लावते. सर हसतात मला."

*

कॉलेजात पहिली भेटली ती माणिकबाई. पन्नाशीची, कंबर खोचलेली, हातात फडकं.

"मले इचारू नका, मी फक्त झाडते," ती म्हणाली, आणि मग पाव तास बोलली. त्यात कामाची गोष्ट एकच होती. "मागच्या सोमवारी आली, डबा नेहमीसारका भट्टीवर ठेवला. दुपारी उघडला, तं भाकर उन उन. भट्टी गरम होती ना. आईतवारी कोनीतरी लावली असंन."

"कोणी?"

"मले वाटलं, सरफराजभाऊनं. तेच रातंदिवस इथं बसून राह्यते."

डोमाजीनं महेजबीनकडे असं पाहिलं, की झालं, निघायचं ना घरी? तिनं लक्षच दिलं नाही.

सरफराज खिडकीशी उभा होता. बारीक अंगाचा, चष्मेवाला, आधीच चिडलेला. "मला ठाऊक होतं, सगळे आधी माझ्याकडेच येणार."

"सगळ्यांकडे जायचंय, तुझ्याकडे आधी आले. रविवारी कुठं होतास?"

"बाळापूरला. बहिणीचं लग्न होतं. दोनशे माणसांनी मला वाढताना पाहिलंय."

"ही काचांची वही?" महेजबीननं टेबलावरची तपकिरी कागदाचं वेष्टन घातलेली जाड वही उचलली. दोन्ही पुठ्ठे सारखेच, वर नाव नाही की काही नाही.

"हो. शफीकचाचा माझे मामू लागतात. एरवी ते काचा पुडीत बांधून देतात आणि पौर्णिमा वहीत लावते. या खेपेला ती टायफॉइडनं पातूरला होती, म्हणून मामूंनी स्वतःच वही भरून आणून दिली. तीस काचा. त्यातल्या दोन मी घेतल्या."

"पुठ्ठ्याकडची बाजू पाहून?"

"नाही, मीटर लावून." तो पहिल्यांदा हसला. "मामूंनी भरली होती ना, म्हणून."

"मी तर या वहीला हातच लावला नाही," पौर्णिमा म्हणाली. "आजारातून उठले ती सरळ परीक्षेच्या तयारीला लागले."

महेजबीननं पानं उलटत काचा मोजल्या. तेवीस निघाल्या. तिनं पुन्हा मोजल्या, तरी तेवीसच.

"मंगळवारी इथं काय आहे? फळ्यावर लिहिलंय."

"दिल्लीची समिती येतेय," सरफराज म्हणाला. "शेतात लाइट नाही, तर उन्हावर पंप चालवायचे, अशी योजना आहे. सर त्यांना नमुने दाखवणार. पण समितीनं कळवलंय, की काल बनवलेलं आणू नका, निदान सहा महिने उन्हात राहिलेलं दाखवा."

*

डॉ. देवमन गावंडे यांनी चहा मागवला, बिस्किटं मागवली, आणि डोमाजीला "काका, तुम्हीही घ्या" म्हणाले. डोमाजीला माणूस फार आवडला.

"वाईट वाटतं हो," सर म्हणाले. "गुणी मुलगी. पण घाई, घाई. मीच तिला वर आणलं आणि तिनं मलाच तोंडघशी पाडलं."

"एखाद्याच्या हातून काच उलटी होऊ शकते ना?"

"माझ्या पद्धतीत नाही होत. वीस वर्षांपूर्वी मीच बसवली ती. वही उघडायची, वरच्या पुठ्ठ्याकडची बाजू घ्यायची, डोळे मिटून लेप द्यायचा. मीटर लावत बसायची गरजच काय? आजवर माझी एक काच चुकली नाही."

"पौर्णिमा लावते म्हणे मीटर."

"ज्याचा हातावर विश्वास नसतो, तो लावतो."

"रविवारी आला होतात इकडे?"

"रविवारी मी बरा की माझी बाग बरी."

"आणि मंगळवारी समितीला काय दाखवणार? तिच्या काचा तर गेल्या."

"माझे स्वतःचे नमुने आहेत ना," सर म्हणाले आणि बिस्किटांची बशी डोमाजीपुढे सरकवली.

*

शफीकचाचांचं दुकान म्हणजे आरसे, तसबिरींच्या चौकटी आणि मध्ये ते स्वतः. गोष्ट ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"या अल्ला. पौर्णिमाबेटीवर असा इल्जाम? मी तं एकेक काच पाहून भरली. तिनं फोनवर सांगतलं होतं, चालती बाजू वरच्या पुठ्ठ्याकडे. मी तसंच केलं. एक बी चुकली नाई. कधी भरली ते बी सांगतो, थांबा."

त्यांनी फळीवरून कामाची वही काढली, मांडीवर घेतली आणि उघडली. डोमाजीला वाटलं, म्हाताऱ्यानं शेवटून उघडली. चाचांचं बोट ओळीवरून सरकलं, थांबलं. "ही पाहा. फेब्रुवारीची बावीस तारीख. तीस काचा."

महेजबीन त्या पानाकडे पाहतच राहिली. दिवसभर चुळबुळणारी बाई, पण आता तिचं बोटसुद्धा हललं नाही. मग तिनं चाचांना सलाम केला आणि व्हॅनमध्ये येऊन बसली.

"बाई, सरफराजच हाय," बडनेरा मागं पडल्यावर डोमाजी म्हणाला. "मामा काच देते, भाचा लेप देते. घरचाच कारखाना."

"हं."

"अन् तो मास्तर देवमानूस. बिस्किटं खाऊ घातली त्यानं."

"डोमाभाऊ, तुम्हाला जो खाऊ घालतो तो निर्दोष, असं धरलं तर माझा धंदा बंद करावा लागेल."

डोमाजीला राग आला आणि मूर्तिजापूरपर्यंत तो बोलला नाही. पुढं बोलला, कारण राग धरून ठेवणं त्याला जमत नसे.

*

सोमवारी अकराला प्रयोगशाळेत सगळे जमले. नागपूरच्या परीक्षक बाई पत्र समोर ठेवून बसल्या होत्या. गावंडे सर त्यांच्या शेजारी. सरफराज भिंतीला टेकून, माणिकबाई दारात. पौर्णिमा उभी होती आणि तिचे हात ओढणीत गुंडाळलेले होते. लाइट गेलेली होती, सगळे घामानं निथळत होते.

"परीक्षक बाई, दहा मिनिटं द्या," महेजबीन म्हणाली. "गावंडे सर, एक कृपा करा. या वहीतून कोणतीही काच काढा आणि चालती बाजू वर करून इथं ठेवा. तुमच्या पद्धतीनं."

सर हसले. वही उघडली, मधली एक काच काढली, टेबलावर ठेवली. "ही घ्या."

"मीटर लावाल?" महेजबीननं परीक्षक बाईंना विचारलं.

बाईंनी मीटरची टोकं काचेवर टेकवली. मीटर गप्प. त्यांनी काच उलटी केली. मीटर वाजला.

"एखादी असेल," सर म्हणाले.

"दुसरी काढा."

दुसरीही तशीच निघाली. तिसरी काढायला सरांचा हात पुढं झाला नाही.

"शफीकचाचांनी एकही काच चुकवली नाही," महेजबीन म्हणाली. "त्यांना सांगितलं होतं, वरच्या पुठ्ठ्याकडे. पण चाचा शिकले उर्दू शाळेत, मीही तिथंच शिकले. आमची वही उजवीकडून उघडते. तुम्ही जो मागचा पुठ्ठा म्हणता, तो आमचा वरचा. या वहीवर नाव नाही, दोन्ही पुठ्ठे सारखे. चाचांनी त्यांच्या बाजूनं बरोबर भरली, म्हणून तुमच्या बाजूनं सगळी उलटी झाली."

दारात माणिकबाईनं तोंडाला पदर लावला.

"आता या पाच मेलेल्या काचा पाहा. पौर्णिमाच्या काचांना पंचवीस वेळा दातऱ्यांचे चिमटे लागलेत. यांच्या कडा कोऱ्या आहेत, गुरुवारचा एक ओरखडा सोडला तर काही नाही. म्हणजे या तिच्या काचाच नव्हेत. कोणीतरी खऱ्या उचलल्या आणि या ठेवल्या. वहीत तीस होत्या, सरफराजनं दोन घेतल्या, पौर्णिमानं एकही नाही, उरल्या तेवीस. पाच कमी आहेत. भाजल्या मागच्या रविवारी, कारण सोमवारी माणिकबाईंची भाकरी भट्टीवर आपोआप गरम झाली."

"मग भाजणारा कोण?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"लेप देता येणारी माणसं तीन. पौर्णिमा मीटर लावल्याशिवाय काचेला हात लावत नाही. सरफराजला ठाऊक होतं, की मामूंनी भरलेली वही उलटी असणार, म्हणून त्यानंही मीटर लावला. ही चूक फक्त तो माणूस करील, ज्याचा पद्धतीवर विश्वास आहे, ज्याला वही कोणी भरली हे ठाऊक नाही, आणि जो डोळे मिटून लेप देतो."

डोमाजीला शनिवारची बिस्किटं आठवली आणि त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"सर, समितीला दाखवायचे तुमचे स्वतःचे नमुने बघू."

गावंडे सरांनी खूप वेळ खिशात किल्ली शोधली. मग आपलं कपाट उघडून एक चपटी पेटी आणली. आत पाच काचा होत्या, उद्यासाठी पळसाच्या रंगात आधीच बुडवलेल्या, केशरी. कडांवर बारीक ओरखड्यांची गर्दी. पौर्णिमानं तोंडावर हात ठेवला.

"मी ठेवलेल्या काचा चालायला हव्या होत्या," सर म्हणाले. आवाज अगदी खाली गेला होता. "मिश्रण तिचंच होतं, मी तसूभर फरक केला नाही. परीक्षकांना एकदाच मोजायचं होतं, नव्या काचांवर भागलं असतं. समितीला जुन्याच हव्या होत्या. तिचं काही जाणार नव्हतं. भट्टी उतरली तोवर ऊन गेलं होतं, मग लाइटही गेली, नाहीतर मी तपासूनच ठेवल्या असत्या. मी वाईट काही..."

"मागून का नाही घेतल्या?" पौर्णिमा म्हणाली. "मी दिल्या असत्या, सर."

"मागितल्या असत्या तर खाली तुझं नाव घालावं लागलं असतं," महेजबीन म्हणाली. "सर, रविवारी तुम्ही चोरी केलीत, तिची लाज वाटून घ्या. पण गुरुवारी शून्य आलं, तेव्हा या खोलीत एकट्या तुम्हाला ठाऊक होतं, की या काचा तिच्या नाहीत. आणि तुम्ही उठून म्हणालात, हिनं मला फसवलं."

सर खाली बसले.

परीक्षक बाईंनी केशरी काच उचलली आणि खिडकीशी नेली. चिमटे लावले. उन्हाला काही लोडशेडिंग नसतं. मीटरचा काटा सरळ वर चढला आणि थांबला. त्यांनी पौर्णिमाच्या नोंदवहीतला आकडा पाहिला, काटा पाहिला. अशा पाचही काचा झाल्या.

"जुळतात," त्या म्हणाल्या. "परीक्षा झाली असं मी लिहिते. तुमचं काय करायचं ते विद्यापीठ ठरवील, गावंडे. ते पत्र तेवढं आता मागं घ्या."

"घेतलं," सर घाईनं म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगतो, पौर्णिमाचे आकडे खरे आहेत. झालं ना, बेटा?"

डोमाजीला वाटलं, झालं. पोरगी सुटली, आता कुठंतरी रस प्यावा. पण पौर्णिमा जागची हलली नाही. तिनं ओढणीतून हात सोडवले आणि एक कोरा कागद सरांपुढे ठेवला.

"खोटी ठरवलंत ते लेखी होतं, सर. खरी ठरवाल तेही लेखी होऊ द्या."

सरांनी पेन काढलं. 'कु. पौर्णिमा हिचे सर्व आकडे खरे आहेत,' एवढं लिहून त्यांनी वर पाहिलं.

"पुढं," पौर्णिमा म्हणाली. "तिच्या काचा मी बदलल्या."

पेन थांबलं. सरांनी परीक्षक बाईंकडे पाहिलं, सरफराजकडे पाहिलं, शेवटी डोमाजीकडेसुद्धा. डोमाजीनं नजर वळवली नाही.

"लिहा, सर," पौर्णिमा म्हणाली. "मी थांबते."

आणि तिनं स्टूल ओढलं, सरांच्या समोर मांडलं, आणि त्यांचा हात चालेपर्यंत तिथं बसून राहिली.